ओपलची चकती

“ताई, बघा ना, तुमचा ओपल माझ्या हातात कसा खुलतो!” तिच्या हाताखालच्या ऋजुतानं कृत्रिम ओपलची, त्या रंग पालटणाऱ्या खड्याची, चकती हीटरवर ठेवली. तांबडी चकती हिरवी झाली. प्रयोगशाळेच्या सरांनी टाळ्या वाजवल्या.

बाळाला घेऊन बघायला आलेल्या ताईचा जळफळाट झाला. काचेचे सूक्ष्म गोळे थरावर थर तिनंच बसवले होते, त्यांच्या फटींत मुरवायचा द्रवही तिनंच निवडला होता. नुसत्या अंगच्या उबेनं रंग ढळू नये, त्याहून जास्त तापलं तरच बदलावा, असा. मग बाळंतपणाची रजा आली, आणि आयत्या बिळावर ही नागोबा!

कडेवरचं बाळ किरकिरू लागलं. “अले अले, मावशीकडे ये,” म्हणत ऋजुतानं ते घेतलं आणि निवून पुन्हा तांबडी झालेली चकती त्याच्या गालाला लावली. बाळ गप्प झालं. म्हणजे आता लेकरूही हिचंच!

“अय्या, हिरवी झाली! ताई, हा तर जन्मजात शास्त्रज्ञ!” सगळे हसले.

ती हसली नाही. सकाळपासून सारखं बाळाचं कपाळ चाचपूनही तिच्या हाताला जे कळलं नव्हतं, ते चकतीनं सांगितलं होतं. “ताप आहे त्याला,” म्हणत तिनं बाळ ओढून घेतलं. दवाखान्याकडे धावताना तिला त्या चकतीचाच हेवा वाटत होता.