आज चाट
काळू मुतला की तिथे मुंग्या जमायच्या. कुत्र्यालाही शुगर होते हे बकुळाला त्यावरूनच कळलं. तेव्हापासून साखरेचा कणही तिने त्याला दिला नव्हता. आज इन्शुलिन टोचल्यावर त्याने खाल्लेली भाकर ओकून टाकली आणि तो कोलमडून पाय झाडू लागला. डॉक्टरांना फोन करायला धावलेला नवरा कामतघरच्या एसटीडी बूथवरून धापा टाकत आला. "डॉक्टर बोलले, हिरड्यांना साखर चोळ. लगेच!" "साखर? अहो, मरेल ना तो!" "सुईनं साखर पार उतरलीय, पोटात काय न्हाय, आता तीच वाचवील!" डबा उघडताना निम्मी साखर फरशीवर सांडली. उरलेली तिने बोटांनी त्याच्या दातांमागे सारली. "चाट रे काळ्या, आज चाट!" झटके थांबले. तिला हायसं वाटलं. मग सांडलेल्या साखरेवरून मुंग्यांची रांग त्याच्या ओठावर चढली. काळू हलला नाही. त्याच्या डोळ्यांकडे न बघता बकुळा मुंग्या वेचत राहिली.