पट्टीआडचं जहाज

"पत्र्याचा सांधा कुरकुरला बघ. ऐकलंस?" खाटेवर उताणा पडलेला वेल्डर म्हणाला.

कारखान्यात टाकी फुटल्यापासून त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. ऑपरेशन झालं होतं, आज दुपारी पट्टी निघायची होती. दिसेल की नाही, हे डॉक्टरीणबाईंनीही छातीठोकपणे सांगितलं नव्हतं. स्टुलावर बसलेल्या बायकोच्या घशाखाली सकाळपासून पाण्याचा घोट उतरला नव्हता. आणि हे महाशय उशाशी मोबाइल ठेवून, लेकीनं लावून दिलेली भीतिदायक श्रुतिका ऐकत होते!

"अहो, डोळ्यांवर पट्टी आणि कानात भुतं? आजच्या दिवशी तरी देवाचं नाव घ्या."

"भूत कुठलं? जहाज आहे, ताऱ्यांच्या पलीकडे गेलेलं. शेकडो वर्षं आत माणूस नाही, तरी तळाच्या खोलीत कुणीतरी श्वास घेतंय. आता त्या जहाजाची वारस म्हणून एक पोर दिवा घेऊन एकटीच खाली उतरलीये."

"शहाणीच दिसते. कुणी सांगितलंय मरायला जायला?"

"घर आहे गं तिचं."

मोबाइलमध्ये लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. मग एक लांबलचक कण्हणं आलं. अख्ख्या जहाजानं झोपेत कूस बदलावी तसं. भर दुपारी बायकोच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"एवढा पत्रा जोडला कुणी असेल!" तो पुटपुटला. "माझा जन्म गेला असता, तरी एक भिंत झाली नसती."

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते की. मस्त वाटते." तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पहिल्या दिवशी पट्टीखालचा काळोख कसा होता, सांगू? भिंतीला नाक लावून उभं केल्यासारखा. जीव घुसमटायचा. या पोरीच्या काळोखात चालता येतं. चालावं तेवढा तो वाढतच जातो. एवढं मोठं, एवढं रिकामं... देवाशिवाय कुणाचं असणार गं ते?"

 देवापुढे बायकोनं जन्मभर हात जोडले होते. त्याचं घर केवढं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई आत आल्या. मागोमाग ट्रे घेऊन सिस्टर. "चला काका, बंद करा ते. बघू या आता." त्यांनी कात्री उचलली.

मोबाइलमधली पावलं थांबली. तळाच्या खोलीच्या दारापलीकडून श्वास ऐकू येऊ लागला. संथ, खोल.

"थांबा, बाई," वेल्डर म्हणाला. "तिनं दाराला हात लावलाय."

"अहो!" बायको ताडकन उठली. "इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला..."

"श्शू!" सिस्टर म्हणाल्या.

बायकोनं वळून पाहिलं. सिस्टर ट्रे छातीशी धरून उभ्या होत्या. डॉक्टरीणबाईंच्या हातातली कात्री पट्टीवर उघडीच राहिली होती आणि त्यांनी डोळे मिटले होते. बायकोनं चाचपडत नवऱ्याचा हात धरला. तो गार पडला होता.

मोबाइलमध्ये कडी सरकली. बायकोनंही डोळे मिटून घेतले.