बाविसावा मजला

लेकीची इमारत बाबांच्या पलंगाशेजारी वाढत होती. नकाशा नाही, ठरलेली उंची नाही. बाबांच्या औषधाचं एक खोकं रिकामं झालं की एक मजला चढायचा. खिडक्या ती कापायची, डिंक बाबा लावायचे. "बाबा, गोळी घे ना पटकन, माझं बांधकाम अडलंय!" असं ती दरडावायची, आणि आईच्या दहा विनवण्यांना न जुमानणारा माणूस निमूट गोळी गिळायचा.

आज डॉक्टरांनी आईला एकटीलाच आत बोलावलं. औषधं आता लागू पडत नाहीत, बंद करा म्हणाले. घरी दोघांनाही हे इतक्यात कळायला नको, म्हणून येताना तिने औषधाच्या दुकानातून चार रिकामी खोकी मागून आणली.

"घ्या, तुमचा माल आला," ती शक्य तेवढं हसून म्हणाली. "गोळ्या मी डबीत भरून ठेवल्यात."

बाबांनी डिंक लावायला एक खोकं उचललं, उलटं केलं. त्यावर लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं नाव होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती धुतलेल्या चादरीची घडी मोडून पुन्हा तीच घडी घालत होती.

बाबांनी खोक्याला चारही बाजूंनी नीट डिंक लावला आणि ते बाविसावा मजला म्हणून वर दाबून धरलं.

"मुकादमबाई, यावर आता गच्ची टाकून घेऊ."

"एवढ्यात?" लेक हिरमुसली. "अजून तर आपण खोलीच्या खिडकीपर्यंतसुद्धा नाही पोचलो!"