कुशाबाईची कहाणी

श्रावणी शुक्रवारी कुशाबाई आम्हा आळीतल्या बायांना नावडत्या सुनेची कहाणी सांगायची. सांगणारी तीच, म्हणून सून आळशी आणि सासू गरीब गाय. आम्ही मुठीत तांदूळ धरून 'हूं, हूं' करायचो.

प्लेगात सगळं निरगुडसर गाव रानात राहायला गेलं, तेव्हा कुशाबाईनं तापानं फणफणलेल्या सुनेला, ठमीला, घरातच कोंडलं. ठमी आतच मेली.

यंदा कहाणी अर्ध्यावर आली आणि कुशाबाईच्या तोंडून ठमीचा आवाज निघाला.

"सासूनं बाहेरनं कडी घातली. मी दार लई बडवलं."

आमची 'हूं' घशातच राहिली.

"गप का झाला? तवाबी तुमी गाड्या भरत निसतं ऐकतच व्हता."

कुशाबाईनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं. कहाणी चालूच राहिली.