एकोणीस मिनिटांचा पंखा

"गोळी घेतल्याशिवाय मला शब्द सुचत नाहीत, ताई," शार्दूल म्हणाला. सात महिने सुटलेली नशेची सवय पुन्हा पुडीत बांधून त्याच्या खिशात आली होती. आठवड्यावर त्याच्या बँडचं रेकॉर्डिंग होतं आणि शेवटचं गाणं अजून कोरं होतं.

उल्का औषधांच्या प्रयोगशाळेत काम करायची. पुराव्याशिवाय ती काही मानत नसे. तिने मोबाइल काढला. "गेल्या वर्षी गोळी घेऊन म्हणालास, अमर काहीतरी सुचलंय, रेकॉर्ड कर. जपून ठेवलंय. तारीख-वेळेसकट."

शार्दूलचा चेहरा उजळला. "तेच! तसलं पुन्हा सुचलंच नाही. लाव!"

तालमीच्या खोलीत बँडमधले सगळे कान देऊन बसले. शार्दूलचा गहिवरलेला आवाज आला: "पंखा फिरतोय... पंख्याला सगळं कळतंय... पंखा म्हणजे मीच..."

असं एकोणीस मिनिटं. अमरत्व पंख्याच्या पुढे काही सरकलं नाही.

"थोर!" ड्रमवाला मकरंद म्हणाला. "एवढ्या वेळात वायरमन पंखा दुरुस्त करून, चहा पिऊन गेला असता."

शेवटी ओकारीचा आवाज आला आणि मग उल्काचा, दमलेला: "ऊठ राजा, शर्ट बदल. आई यायच्या आत खोली पुसू."

आता कुणी हसलं नाही. मकरंदने गुडघ्यावर हलकेच ताल धरला. "गाण्यासारखी एवढीच ओळ आहे यात. आणि तीही शुद्धीतल्या माणसाची."

शार्दूलने खिशातून पुडी काढून बहिणीच्या हातात ठेवली.

"ताई, पेन आहे?"