आज वीज किती झाली

"परदेशी जाऊ नका, काम इथेच आहे," असं सोलर शिकवणाऱ्या संस्थेच्या पाटीवर लिहिलं होतं. ते वाचूनच बायकोने लेकीचं नाव तिथे घातलं. म्हणायची, "शिकली की डोळ्यांसमोर राहील." लेक पहिली आली. परीक्षेसाठी तिने आमच्याच छपरावर पॅनल बसवलं आणि सहा महिन्यांत परदेशातल्या कंपनीने तिला उचललं. संस्थेच्या सरांनी तिचा फोटो त्याच पाटीखाली टांगला.

"काका, अभिमान बाळगा," मला म्हणाले.

"तो तुम्हीच बाळगा. आधी ती पाटी उतरवा," मी म्हटलं.

बायको गेली तेव्हा लेकीला सुट्टी मिळाली नाही. आईला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी तिचा फोनही आला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच आला.

"बाबा, पॅनल पुसलं नाही का? मला इथे मोबाइलवर वीज अर्धीच दिसतेय. तुमचं लक्ष कुठे असतं?"

"काल कुठला दिवस होता, ते दिसलं का तुझ्या मोबाइलवर?"

"कामात होते, बाबा," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी शिडी लावून पॅनल लख्ख पुसलं. त्यानंतर आठ दिवस फोन नाही.


नवव्या दिवशी सकाळी मी तिच्या आईची गोधडी पॅनलभर पसरली आणि मोबाइल हातात घेऊन शिडीखाली बसून राहिलो.