चुन्याचं रिंगण

लढाऊ विमान कडाडत गेलं आणि त्यातून सुटलेली पेटी पॅराशूटने बरोबर शाळेच्या मैदानात उतरली. दूरच्या नियंत्रण कक्षात केतकी दाभाडेने टाळी वाजवली. चाचण्यांमध्ये आतलं अंडंसुद्धा फुटू न देणाऱ्या तिच्या पेटीत आज पहिल्यांदाच खरं औषध होतं, सर्पदंशावरचं.

पण पडद्यावर पेटीजवळ कुणी येईना. लोकांनी लांबूनच भोवती चुन्याचं रिंगण आखलं आणि ते मागे सरले. गाव बॉम्बफेकीच्या सरावाच्या माळाला लागून होतं. आभाळातून पडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, हे तिथली पोरं चालायच्या आधी शिकत.

केतकीने गावातल्या आशासेविका वनमालाबाईंना फोन केला. "अहो, औषध आहे ते! उचला ना!"

"कळतंय हो मॅडम. इकडे साप चावलेल्या हौसाच्या पापण्या मिटायला लागल्यात. पण पाय पुढे पडत नाही."

तेवढ्यात म्हातारे धर्माआबा रिंगणात शिरले. रिंगणाची रीत त्यांनीच घालून दिली होती, उजवा हात गेल्यावर.

"लांब व्हा रे सगळे," ते म्हणाले आणि डाव्या हाताने त्यांनी पेटी उचलली.